कोऱ्या कपाळाची बॅटरी

लाकडी पेटीत तेजाब आहे खरं, पण ते कोणाचा जीव घ्यायला मागवलेलं नाही, असा दाखला हिलालला हवा होता. आणि तो त्याला स्वतःच्या बापाकडून आणायचा होता.

झालं असं, की सुरतेहून निघालेली मोटारीची नवी बॅटरी आगगाडीनं सुखरूप आली आणि पार्सलबाबूच्या हाती सापडली. साल एकोणीसशे अडतीस. बाबूनं बॉम्ब कधी पाहिला नव्हता, पण वर्तमानपत्र रोज वाचलं होतं. बॉम्बमध्ये तेजाब असतं, तार असते आणि तो एखादा मॅट्रिकपर्यंत शिकलेला पोरगा घ्यायला येतो, इतकं त्याला ठाऊक होतं. इथं तिन्ही गोष्टी जमून आल्या होत्या. त्यानं विचारलं, ही वस्तू कशासाठी? हिलाल म्हणाला, बहिणीला आणायला. या उत्तरानं बाबूचा संशय पक्का झाला. गावच्या पोलीस पाटलाचा लेखी दाखला आणा, मगच पेटी मिळेल, असं त्यानं सांगितलं.

कोरीटचे पोलीस पाटील म्हणजे भिला पाटील, हिलालचे वडील. मोटार घरी येऊन आठ महिने झाले, तरी ते तिच्यात बसले नव्हते आणि त्यांनी तिचं नावही उच्चारलं नव्हतं. तिला ते ‘ते’ म्हणत. ‘ते’ उन्हात उभं शे, ‘त्याना’खाले कोंबडी बठेल शे, एवढाच त्यांचा मोटारीशी संबंध. पण सरकारी काम म्हटल्यावर त्यांनी फेटा बांधला, दौत काढली आणि लिहिलं : ‘दाखला देण्यात येतो की, हिलाल वल्द भिला पाटील यास मी जन्मापासून ओळखतो. त्याच्या हातून आजवर कोणतीही वस्तू चालू झालेली नाही. सबब ही पेटीही उडेल असे वाटत नाही.’

बाबूनं दाखला दोनदा वाचला आणि पेटी आदरानं हवाली केली.

बॅटरीची एवढी निकड कशाला, तर अखाजी पाच दिवसांवर आली होती. अखाजी हा आमच्या खानदेशात लेकींचा सण. निंबाला झोके बांधायचे, सांजोऱ्या तळायच्या आणि सासरच्या लेकीला आणायला भावानं मुऱ्हाळी होऊन जायचं. हिलालची धाकटी बहीण निर्मला तळोद्याला दिलेली. गेल्या दिवाळीला हिलालनं तिच्या सासूसमोर आणि दोन्ही जावांसमोर जाहीर केलं होतं, की अखाजीला मी मोटार घेऊन येणार. कोणी विचारलं नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला, आणि निर्मलानं तो सहा महिने त्या घरात जपून वापरला. जावेनं माहेरच्या चांदीच्या तोड्यांचा विषय काढला, की ही मोटारीचा काढी. होळीच्या सुमारास जुनी बॅटरी निवर्तली, ही बातमी तिला कोणी कळवली नव्हती.

पेटी तिरकी करायची नाही, अशी सूचना होती. म्हणून हिलालनं ती स्टेशनापासून कोरीटपर्यंत बैलगाडीत मांडीवर धरून आणली. मांडीवर ओल आली ती घामाची, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी धोतर धुतलं तेव्हा ते धोतर राहिलं नव्हतं. त्यानं तापीतले मासे धरता आले असते, पण नेसता आलं नसतं. हिलालला या गोष्टीचा राग न येता नवल वाटलं. धोतराला भोकं पाडणारी वस्तू मोटार चालवते कशी, हा विचार त्याला सुचला आणि आवडला. त्यानं शाळेतली एक अर्धी कोरी वही शोधून तिच्यावर ‘निरीक्षणे’ असं लिहिलं. पहिलं निरीक्षण धोतराचं.

बॅटरी ओट्यावर पाटावर ठेवून तो शेजारच्या रतिलालभाऊंकडे पक्कड आणायला गेला. रतिलालभाऊ तीन वर्षं रेल्वेत खलाशी होते. सिग्नलच्या दिव्यात तेल घालायचं काम. तेव्हापासून जगातली सगळी यंत्रं आपल्याला विचारूनच चालतात, अशी त्यांची समजूत होती. पक्कड मिळायला अर्धा तास लागला, कारण पक्कड कशी धरावी हे त्यांनी आधी सांगितलं. तेवढ्यात हिलालच्या आईनं, नर्मदाबाईनं, घरात नवी वस्तू आली की जे करायचं ते करून टाकलं. नांगर असो, बैल असो, सून असो, नर्मदाबाई त्यात भेद करत नसे. हिलाल परत आला तेव्हा नारळ फुटलेला होता, उदबत्ती जळत होती आणि बॅटरीच्या डोक्यावर जास्वंदीचं फूल होतं.

फूल बाजूला करून त्यानं सुरतेच्या दुकानदाराची चिठ्ठी उघडली. बॅटरीच्या डोक्यावर शिशाच्या दोन खुंट्या आहेत, त्यातली एक लाल आहे, असं दुकानदारानं लिहिलं होतं. लाल खुंटीची तार तुमच्या गाडीत लोखंडी अंगाला बांधावी, दुसरीची इंजिनाकडे न्यावी, उलट करू नये. हिलालनं चिठ्ठी तीन वेळा वाचली. तिन्ही वेळा तिच्यात तेच होतं. मग त्यानं खुंट्या पाहिल्या. एक वाटेतल्या धुळीनं विटकरी झाल्यासारखी होती. दुसरी लालभडक. चुकायला जागाच नव्हती. तारा आवळून त्यानं बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली बसवली.

गाव जमलं होतं. हिलालनं बटण दाबलं आणि मोटार खरोखरच सुरू झाली. भोंगा असा वाजला की पाराखालच्या शेळ्या गावकुसाबाहेर गेल्या. नर्मदाबाईनं दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली. भिला पाटील आत होते, ते आणखी आत गेले.

आणि मग हिलालचं लक्ष काट्याकडे गेलं.

मोटारीच्या पुढच्या फळीवर घड्याळासारखी एक तबकडी होती. काटा उजवीकडे झुकला की बॅटरी भरते आहे, डावीकडे झुकला की रिकामी होते आहे. इंजिन चालू असलं की इंजिनावरचा डायनामो बॅटरी भरतो, म्हणून काटा उजवीकडे जायला हवा. तो डावीकडे गेला. नुसता गेला नाही, भिंतीला टेकून बसला. डायनामोवरची एक छोटी डबी दात वाजवल्यासारखी तडतडू लागली. इंजिनाला खोकला आला, करपट वास सुटला आणि सगळं शांत झालं.

गावात एखादी वस्तू चालते आहे तोवर तिच्याबद्दल कोणाला काही माहीत नसतं. बंद पडली की सगळ्यांना सगळं माहीत असतं.

रतिलालभाऊंचं म्हणणं पडलं, की बॅटरी नवी शे, नवी नवरीसारखी. सासरी आल्या आल्या जात्याला जुंपली तर ती रुसणारच. तिला दोन दिवस नुसतं बसू द्यावं. शाळेचे मास्तर शुद्ध मराठीत बोलत, त्यामुळे त्यांचं म्हणणं अधिक खरं वाटे. ते म्हणाले, काट्याच्या अंगी चुंबकत्व असतं. मोटारीचं तोंड सूर्योदयाकडे आहे, म्हणजे काटा डावीकडे जातोय तो उत्तरेकडे जातोय, सातपुड्याकडे. ही दिशादर्शक सूची झाली आहे. मोटार फिरवून उभी करा. अकरा माणसांनी ढकलून मोटार उलटी केली. हिलालनं हँडल मारून इंजिन चालू केलं. काटा पुन्हा डावीकडेच गेला, म्हणजे आता दक्षिणेकडे. मास्तर म्हणाले, “ही दिशादर्शक सूची नाही, एवढं आज सिद्ध झालं.” हिलालनं ते वहीत लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर हिलालला या सगळ्यात मजा वाटू लागली होती. अखाजी तीन दिवसांवर आली, निर्मला वाट पाहते आहे, हे त्याला दिसत होतं. पण काटा उलटा का जातो, हे त्याहून ठळक दिसत होतं. जेवताना तो वरणात बोट फिरवून काटा काढी आणि त्याच्याकडे बघत बसे. भिला पाटील ते पाहत आणि पाटावरून उठून जात.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला शोध लागला. इंजिन बंद ठेवून त्यानं सहज पुढचे दिवे लावले आणि काटा उजवीकडे गेला. दिवे बंद केले, काटा मध्ये. पुन्हा लावले, पुन्हा उजवीकडे. हिलाल वही घेऊन बसला. इंजिन चालवलं की बॅटरी रिकामी होते, दिवे लावले की भरते, असं काटा सांगतो. काटा तबकडीवर आहे, तबकडी अमेरिकेत झालेली आहे, तेव्हा ती खोटं का बोलेल? यावरून एकच अनुमान निघत होतं.

त्यानं दोन्ही दिवे लावले आणि वैशाखाच्या उन्हात दिवसभर तसेच ठेवले.

कोरीटला एवढा उजेड नको होता. बाया पाणी भरून जाताना थांबत. एका म्हातारीनं दिव्यांना हात जोडले आणि सूर्याला तोंड द्यायला हे दोघेच पुरे, असं काहीसं पुटपुटली. दुपारी हिलालला आणखी एक गोष्ट आढळली. भोंगा दाबला की काटा दिव्यांपेक्षाही जोरात उजवीकडे जातो. म्हणजे दिव्यानं बॅटरी थेंबथेंब भरते, भोंग्यानं घागरीनं. वेळ थोडा होता. हिलाल भोंग्यावर हात ठेवून बसला तो दिवस कलेपर्यंत.

सोळा म्हशी दोर तोडून गेल्या. ग्रामस्थ तक्रार घेऊन पोलीस पाटलाकडे आले, आणि भिला पाटलांना सरकारी बुकात स्वतःच्याच मुलाचं नाव, बापाच्या नावासकट, लिहावं लागलं. ‘वल्द’ लिहिताना त्यांचा टाक अडखळला, असं पाहणारे सांगतात.

चार वाजता भोंग्याचा वाघ होता. पाचला त्याची शेळी झाली. सूर्य टेकताना तो डासाएवढा उरला आणि मग गप्प झाला. दिवेही निखाऱ्यासारखे लाल होऊन विझले. मास्तरांनी विचारलं, काय झालं? हिलाल शांतपणे म्हणाला, “भरनी. प्वॉट भरनं म्हंजे मानूस बी गप्प व्हस.”

अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी पोट भरलेल्या बॅटरीनं ढेकरसुद्धा दिली नाही.

भिला पाटील बाहेर आले. त्यांनी दमणी काढली, चाकांना वंगण दिलं, आत गादी घातली आणि बैल आणून शेजारी बांधले. सगळं मोटारीच्या बाजूला, एका ओळीत. मग निंबाकडे पाहून एवढंच म्हणाले, की सावली विहिरीच्या थारोळ्याला लागली की दमणी निघेल.

हे पुरे नव्हतं म्हणून रतिलालभाऊ आले. ते आदल्या दिवशी तळोद्याच्या बाजाराला गेले होते आणि निर्मलाचा निरोप घेऊन आले होते. मोटारीची काय दशा आहे, हे त्यांनी तिला बहुधा बारकाव्यानं सांगितलं असावं. निरोप दोन वाक्यांचा होता, आणि तो सांगताना त्यांनी तिचा आवाजही काढला. “मोटर उनी तं येसू. दमणी उनी तं तिले रिकामीच परत धाडसू, अन् अखाजी सासरेच करसू.”

नर्मदाबाईच्या हातातली सांजोरी तशीच राहिली. निंबाला बांधलेला झोका वाऱ्यानं रिकामाच हलत होता. लेक हट्टी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती कोणावर गेली, हेही ठाऊक होतं. भिला पाटील बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आणि चार दिवसांत पहिल्यांदा हिलालनं वही मिटली. काटा कुठं जातो, याचं त्याला एकाएकी काही वाटेनासं झालं.

तेवढ्यात विहिरीपाशी एक लॉरी थांबली. सातपुड्यातून लाकडं आणणाऱ्या ठेकेदाराची. ड्रायव्हर गुलाबसिंग हा काठी गावाकडच्या डोंगरातला. इंजिनात पाणी घालायला तो कोरीटला नेहमी थांबे. गेल्या चार दिवसांत तो दोनदा थांबला होता आणि दोन्ही वेळा त्यानं गर्दीमागून मोटारीकडे पाहिलं होतं. त्याला कोणी विचारलं नाही, म्हणून तो बोलला नाही. डोंगरातल्या माणसाला काय विचारायचं, यावर मास्तरांपासून सगळ्यांचं एकमत होतं, आणि तेही कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

हिलालनं विचारलं. आधी वही पुढे केली. गुलाबसिंगनं ती उलटीसुलटी करून परत दिली, फळी उचलून आत पाहिलं, डबीचा वास घेतला आणि म्हणाला, “बटाटा शे का?”

रतिलालभाऊ हसले. याला भूक लागली आहे, असं त्यांनी मास्तरांना समजावून सांगितलं. बटाटा तेव्हा कोरीटला रोजचा नव्हता; नंदुरबारच्या बाजारातून उपासापुरता येई. नर्मदाबाईनं शिंक्यावरून एक काढून दिला. भाजून देऊ का, असंही विचारलं. गुलाबसिंगनं चाकूनं त्याचे दोन भाग केले, तांब्याच्या तारेचे दोन तुकडे घेतले, एकेकाचं एक टोक एकेका खुंटीला लावलं आणि दुसरी टोकं कापलेल्या बटाट्यात बोटभर अंतरानं खुपसली. मग तो उकिडवा बसला आणि बिडी पेटवली. बॅटरीत जीव थोडाच उरला होता, पण बटाट्यापुरता होता.

बिडी अर्धी होईतो काही झालं नाही. मग एका तारेभोवतीचा बटाटा हिरवा होऊ लागला. दुसरीभोवती फेस आला. हिलाल इतका वाकला, की त्याचं नाक बटाट्याला लागलं.

“हिरवा झाला, तिकडची खुंटी लाल,” गुलाबसिंग म्हणाला.

हिरवा झाला होता तो विटकरी खुंटीकडचा. लालभडक खुंटीकडे नुसता फेस.

“पण लाल तर ही शे,” हिलाल म्हणाला.

गुलाबसिंगनं लालभडक खुंटीवर अंगठा घासला आणि अंगठा सगळ्यांना दाखवला. तो लाल झाला होता. मग विटकरी खुंटी नखानं खरवडली; धुळीखाली तेलाचा पक्का रंग होता, निघेना. त्यानं अंगठा नाकाशी नेला आणि विचारलं, “हे कुंकू कोणी लावलं?”

नर्मदाबाई पदर सावरून पुढे आली. तिच्या आवाजात अपराध नव्हता, नवल होतं.

“मी लावं. एकीना कपायले कुंकू व्हतं, दुसरीनं कपाय कोरं. सननासुदना दिवस, घरमा दोन लक्षुम्या उन्यात, अन् एकीले तशीच ठेवू का? लोके काय म्हनतीन?”

नर्मदाबाईचं म्हणणं रीतीला धरून होतं. सुरतेच्या माणसानं ‘एक लाल’ असं लिहिताना, लाल नसलेलीकडे घरातल्या बाईमाणसाला बघवणार नाही, हे ध्यानात घ्यायला हवं होतं. हिलाल बॅटरीकडे पाहत होता. खुंट्यांची अदलाबदल झाली, म्हणून काट्याची बाजू बदलली. भोंग्यानं बॅटरी भरत नव्हती, मरत होती, आणि तो तिचा गळा दाबून वर निरीक्षणं लिहीत होता. त्याला शरम वाटायला हवी होती. ती वाटली, पण जरा उशिरा. आधी आनंद झाला.

तारा पालटायला पाच मिनिटं लागली. डबीतले चिकटलेले दात गुलाबसिंगनं चाकूनं सोडवले आणि काडेपेटीच्या कडेनं घासले. पण बॅटरीत बटण दाबण्याइतका दम नव्हता. हँडल मारून मारून हिलालचे खांदे उतरले. सावली थारोळ्यापासून हातभर राहिली होती. ढकलायला माणसं हवी होती, तर ती सगळी सल्ला द्यायला लांब उभी होती.

भिला पाटील उठले. दमणीचे बैल त्यांनी सोडले, मोटारीपुढे आणले, नाडा पुढच्या दांडीला बांधला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. “मोटरमा बठ,” ते म्हणाले.

बैल पळाले. हिलालनं गिअर टाकला, मोटार दोन वेळा शिंकली आणि गर्जली. मागं काय पेटलं, ते पाहायला बैल थांबले नाहीत. मारुतीच्या देवळापर्यंत बैल मोटारीला ओढत होते की मोटार बैलांना ढकलत होती, यावर कोरीटमध्ये अजून दोन पक्ष आहेत. तिथं नाडा सुटला. बैल वळून घरी आले. काटा उजवीकडे होता.

तापीच्या वाळूत मोटारीला भाड्याचे बैल लावावे लागले; पण ते सगळ्यांनाच लावावे लागतात, त्यात कमीपणा नाही. इंजिन मात्र हिलालनं तिथंही बंद केलं नाही. गुलाबसिंगनं बजावलं होतं, की बॅटरी भरेपर्यंत बंद करू नको, नाहीतर बैल शोधत बसशील. तळोद्यात तो निर्मलाच्या दारी पोचला, तेव्हा मोटार थरथरत होती, गल्ली जमली होती, आणि दोन्ही जावा दारात होत्या, तोड्यांसकट.

मुऱ्हाळ्यानं उतरावं, पाय धुवावेत, पाटावर बसावं, ही रीत. हिलाल उतरला नाही. उतरला तर इंजिन बंद पडेल, ही एक भीती. दुसरी भीती निर्मलाच्या सासूच्या हातात होती. त्या आरतीचं ताट घेऊन आल्या होत्या. नवी मोटार दारी आली आहे, तेव्हा तिची पूजा होणार, फळी उचलून आत काय ते पाहणार, आणि आत एक खुंटी कोऱ्या कपाळानं बसलेली होती. हिलालनं दोन्ही पाय फळीवर घट्ट रोवले.

“उतरा ना, पाहुणा,” सासूबाई म्हणाल्या.

हिलाल म्हणाला, मोटारवाल्यांना उतरता येत नाही, तसा नियम आहे.

सासूबाई ताट घेऊन थांबल्या. मोटारीच्या नाकाला त्यांनी कुंकू लावलं. दोन्ही दिव्यांना लावलं, कारण एकाला लावून भागत नाही. मग हाताशी येईल त्या सगळ्या गोष्टींना लावत लावत त्या ड्रायव्हरच्या दारापाशी आल्या आणि फळीकडे पाहू लागल्या.

“हाई काय शे खाले?”

निर्मला मागच्या सीटवर गाठोडं घेऊन केव्हाच बसली होती, जावांकडे पाहत. भाऊ का बोलत नाही, हे तिला कळेना. हिलालनं एकदा फळीकडे पाहिलं, एकदा ताटाकडे, आणि मान वाकवून आपलंच कपाळ पुढे केलं.

सासूबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, वर तांदूळ लावले, ओवाळलं आणि समाधानानं मागं सरल्या. मोटार हलली. कोरीटकडे मोटार चालवणारा माणूसही मोटारीतच धरतात, असं तळोद्यात त्यानंतर बरीच वर्षं मानलं जाई.